खोली नंबर 7 : पाचापैकी चार

माझ्याकडं ब्लाउज शिवायला येणारी बाई आधी चार घरी विचारून येते. फिटिंग कसं देते, सांगितलेल्या दिवशी देते का, अस्तर आपलं की तिचं. दोनशे रुपयांच्या शिलाईला एवढी चौकशी. पण पोटात पोर असताना कुठल्या खोलीत गेलं की कुणी कसं बोलतं, हे कुणी कुणाला सांगत नाही. त्यातून ही खोली एचआयव्हीची. तिचं तर नावच काढत नाहीत. म्हणून लिहायला बसले.

गाव सांगणार नाही. माणदेशातला एक तालुका, तिथलं ग्रामीण रुग्णालय, तीस खाटांचं, पुढं वडाचा पार आणि पारावर कायम चारपाच म्हातारे. आत शिरल्यावर डावीकडं औषधाची खिडकी, तिच्या अगदी समोर खोली नंबर 7. पाटीवर 'एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र' असं लांबलचक लिहिलंय आणि शेजारी हातभर मोठी लाल रिबीन, एचआयव्हीची खूण, रंगवलीय. सगळे आयसीटीसी म्हणतात. मी तिथली सप्टेंबर 2023 पासूनची गिऱ्हाईक. दुसऱ्या बाळंतपणापासून.

आधी दुसऱ्या दुकानाचं सांगते, म्हणजे तुलना कळेल. थोरलीच्या वेळी, 2018 ला, आमच्या उपकेंद्रातच सिस्टरनी बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त पट्टीवर घेतलं होतं. एकच रेघ आली. एक रेघ म्हणजे काही नाही. दुसऱ्या वेळी हातात चार पैसे होते. आमचे हे गलाईला असतात, कोइमतूरला. सोनंचांदी गाळायचं काम. आमच्या भागातली निम्मी घरं त्याच धंद्यावर उभी आहेत. ह्यांनी फोनवर सांगितलं, या वेळी खासगीत दाखव. म्हणून एका मॅटर्निटी होममध्ये गेले. चकचकीत फरशी, एसी, बसायला सोफा, काचेच्या पेटीत सोनेरी मासे. रक्त घेतलं, लघवी घेतली, पंचवीसशे रुपये घेतले. त्या रक्तात काय काय बघणार आहेत ते मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दोन दिवसांनी रिपोर्ट आणायला धाकटे दीर गेले. काउंटरवरच्या माणसानं पाकीट उघडून त्यांनाच सांगितलं. मला नाही, दिराला! मी गेले तेव्हा डॉक्टरांनी मान वर न करता फाइल पुढं सरकवली आणि आमच्याकडं याची सोय नाही, सिव्हिलला जा म्हणाले. त्या दोन वाक्यांची वेगळी तपासणी फी दोनशे रुपये.

एक स्टार. तोही माशांना.

पुढं मला कळलं की यासाठी कायदा आहे. 2017 चा, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेला. बाईला सांगून, तिची संमती घेऊनच ही तपासणी करायची, रिपोर्ट तिच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगायचा नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून इलाज नाकारायचा नाही, असं त्यात आहे. म्हणजे एका आठवड्यात त्यांनी तिन्ही मोडलं. तक्रार करता आली असती. मी केली नाही. तेव्हा तेवढं अंगात नव्हतं.

दीर मला स्प्लेंडरवर घेऊन ग्रामीण रुग्णालयात आले. वाटेत एक शब्द नाही. आल्यावर म्हणाले, वहिनी, मी पारावर हाय. तेवढंच.

आता खोली. दहा बाय बाराची असेल. एक टेबल, तीन खुर्च्या, गोदरेजचं कपाट, हिरवा पडदा, कोपऱ्यात वजनकाटा. टेबलावर काहीतरी उभं, त्यावर नॅपकिन टाकलेला. मला वाटलं फुलदाणी झाकून ठेवलीय. नंतर कळलं, निरोध कसा वापरायचा ते दाखवायचं लाकडी मॉडेल आहे. गरोदर बायका सासूला घेऊन येतात म्हणून मॅडम, म्हणजे तिथल्या समुपदेशक, त्याला झाकून ठेवतात. त्या वजनकाट्याचीही एक गंमत आहे. तो बाहेर सिस्टरच्या टेबलाशी असायला हवा. पण मॅडमनी मागून घेतलाय. गरोदर बाईची एचआयव्हीची तपासणी सगळ्यांचीच होते, त्यामुळं पहिल्यांदा 7 मध्ये गेलं तर कुणी वळून बघत नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गेलं की बघतात. वजनकाटा आत असला की कुठलीही बाई कितीही वेळा आत जाऊ शकते. 'वजन करायला गेलते.' मला हे कळायला तीन महिने लागले. कळलं तेव्हा वाटलं, ही बाई शिलाईच्या धंद्यात असती तर माझं काही खरं नव्हतं. शिवण कुठं दिसू द्यायची नाही हे तिला बरोबर कळतं.

त्या दिवशी मी रिपोर्ट पुढं केला. मॅडमनी तो वाचून उलटा ठेवला. "बाहेरच्या एका तपासणीवर मी कुणाला काही म्हणत नाही," म्हणाल्या. "आपण इथं परत बघू. तीन वेगवेगळ्या किटवर. तुमची हरकत नसेल तर." हरकत नसेल तर, हे मला त्या आठवड्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. टेक्निशियन दादांनी दंडातून रक्त घेतलं. तासाभरानं बोलावलं. दार लावलं, आतून कडी नाही म्हणून खुर्ची लावली, आणि मग सांगितलं. सरळ सांगितलं, 'ते' किंवा 'तसलं' असं काही नाही. एचआयव्ही आहे, तिन्हीत आलाय. मग लगेच म्हणाल्या, "चौथा महिना लागलाय ना? मग भरपूर वेळ आहे आपल्याकडं. सातव्या-आठव्यात आला असता तर मी आत्ता अशी बसले नसते, पळत असते."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. नॅपकिन त्या मॉडेलवरचा काढून दिला आणि मग दोघींच्या लक्षात आलं. त्याही परिस्थितीत हसू आलं, काय करणार.

मग त्यांनी आकडे सांगितले. औषध नसेल तर अशा शंभर बायकांपैकी पंधरा ते पंचेचाळीस बाळांना होतो. पोटात, होताना आणि दुधातून, असं तिन्ही मिळून. औषध वेळेवर सुरू केलं, रोज घेतलं, बाळाला त्याचं दिलं, तर पाचाच्या आत. मी मान हलवली, पण डोक्यात काही शिरलं नव्हतं. रात्री पोरगी झोपल्यावर शिलाईचा डबा काढला आणि हूक मोजले. शंभर. चटईवर दहा-दहाच्या रांगा लावल्या. त्यातले पंचेचाळीस बाजूला केले. अर्धी चटई रिकामी दिसायला लागली. परत सगळे लावले आणि पाच काढले. मग एकेक परत टाकत गेले, चार, तीन. शेवटी एक हूक हातात ठेवून किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, आतून विचारलं, अजून काय शिवतीस गं? म्हटलं, हूक सांडलेत.

औषध सुरू करायला जिल्ह्याच्या सिव्हिलला, एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देतात तिथं, जावं लागलं. पहाटेची एसटी, तीन तास. तिथली गर्दी, रांगा, टोकन याबद्दल लिहिण्यात अर्थ नाही, सिव्हिल सगळीकडं सिव्हिलच असतं. हिरवं पुस्तक करून दिलं, वजन, रक्त, सीडी-4 म्हणजे आजाराशी लढणाऱ्या पेशींची मोजणी, खोकला आहे का ताप आहे का, आणि त्याच दिवशी गोळ्या हातात. सीडी-4 किती येतो याची वाट बघत बसायचं नसतं, गरोदर बाईला लगेच सुरू करतात आणि मग ती जन्माची. रांगेत माझ्यापुढं पंचेचाळिशीच्या एक ताई होत्या. त्या म्हणाल्या, तुमचं बरंय. 2008 ला त्यांना एकच गोळी मिळाली होती, नेव्हिरॅपिनची, कळा सुरू झाल्या की घ्यायची, आणि बाळाला एक डोस. तेवढ्यावर पोरगा वाचला, दहावीला आहे म्हणाल्या. "थोरलीच्या टायमाला तेवढंबी नव्हतं." पुढं त्या काही बोलल्या नाहीत आणि माझी विचारायची छाती झाली नाही. सगळ्या गरोदर बायकांना कायमची गोळी 2014 पासून मिळायला लागली. म्हणजे मी आजारी पडले तेही नशिबानं बऱ्या वर्षात पडले म्हणायचं.

पैसे? शून्य. गोळी, तपासण्या, व्हायरल लोड म्हणजे रक्तात विषाणू किती ते मोजणं, बाळाचं औषध, काही म्हणजे काही पडत नाही. ग्रामीण रुग्णालयात केसपेपरचेही 15 ऑगस्ट 2023 पासून घेत नाहीत. एसटीचा प्रवाससुद्धा एचआयव्हीच्या पेशंटला फुकट आहे, पण तो पास मी काढला नाही. आमच्या गाडीचा कंडक्टर शेजारच्या वाडीचा आहे. त्याला तो पास दाखवायचा म्हणजे वाडीच्या पारावर बोर्ड लावल्यासारखंच. बायकांना हाफ तिकीट आहे, ते घेते. ज्यांनी सवलत काढली त्यांचा हेतू चांगला होता, एवढं म्हणते.

गोळीबद्दल. एकच आहे, दिवसातून एकदा, तीन औषधं एकात. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोलुटेग्राव्हिर. मोठी आहे, गरोदरपणात मळमळत असताना गिळायला जड जाते. पहिले आठ दिवस डोकं दुखलं, मग काही नाही. खरी तक्रार बाटलीची. तीस गोळ्यांची प्लॅस्टिकची बाटली, आणि ती वाजते. एसटीत, पिशवीत, प्रत्येक खड्ड्याला खळखळ खळखळ. आमच्या रस्त्याला खड्डे किती ते आमदारांना विचारा. शेजारची बाई म्हणाली, काय गं, चिंचोके नेतीस का माहेराला? पुढच्या वेळी मी गोळ्या काढून शेंगदाणा चटणीच्या रिकाम्या डबीत भरल्या. मॅडम चिडल्या. त्या दोन वर्षांत एकदाच चिडल्या. दमट धरतं, बाटलीतच ठेवायच्या. मग त्यांनीच कपाटातनं कापसाची गुंडाळी काढली, बाटलीत वरून दाबून बसवली, हलवून दाखवली. आवाज बंद. "सगळ्याजणी हेच करतात," म्हणाल्या. सगळ्याजणी! त्या शब्दानं मला जेवढा आधार दिला तेवढा कुठल्या पोस्टरनं दिला नाही. आमच्या तालुक्यात अशा कापूस कोंबलेल्या बाटल्या किती पिशव्यांत असतील कोण जाणे.

आता एक अर्धा स्टार कुठं गेला ते.

गरोदरपणाची नेहमीची तपासणी त्याच रुग्णालयात होते. दर महिन्याच्या 9 तारखेला मोठी, मातृत्व अभियानाची. तिथल्या सिस्टरनी लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, आणि रात्री जेवल्यावर घ्या म्हणाल्या. मी भोळी, सगळ्या एकदम घ्यायचे, ही मोठी गोळी पण. महिनाभर. मग मॅडमनी सहज विचारलं, लोहाची किती वाजता घेता? आणि कपाळाला हात लावला. लोह आणि कॅल्शियम ही मोठी गोळी अंगी लागू देत नाहीत. ती त्यांच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्यायची. त्यांनी माझ्या कार्डाच्या मागं पेनानं लिहून दिलं. सकाळी 7 ला कॅल्शियम, 11 ला लोह, दुपारी अडीचला परत कॅल्शियम, रात्री 9 ला मोठी. तो कागद मी मशीनच्या झाकणाला आतून चिकटवला. 9 ला ह्यांचा कोइमतूरवरून मिस्ड कॉल यायचा, कारण त्यांचीही गोळी तीच आणि वेळही तीच. त्यांनी तिकडच्या केंद्रात बदली करून घेतलीय, कागद दिला की दुसऱ्या राज्यातही मिळते. कुठून आलं, कधी आलं, हे मी त्यांना विचारलं नाही. 2018 ला एक रेघ होती, 2023 ला आलं, मधली पाच वर्षं आमच्या दोघांची आहेत, त्याचा हिशेब इथं मांडणार नाही. पण सांगायचं हे की, एकाच इमारतीत वीस पावलांवर दोन टेबलं आहेत आणि एका टेबलाला दुसऱ्या टेबलाच्या गोळ्या माहीत नाहीत. चूक माझ्या पोटात जात होती.

आणि राहिलेला अर्धा. 9 तारखेची गर्दी, पन्नास-साठ गरोदर बायका बाकड्यांवर, सोबतच्या सासवा, पोरं, डबे. सिस्टर कार्डं चाळत होत्या. माझं कार्ड बघितलं आणि पलीकडच्या सिस्टरला मोठ्यानं विचारलं, "ही सातची का गं?"

सातची.

आजाराचं नाव घेतलं नाही. घेतलं नाही म्हणून त्यांना वाटत असेल आपण गुप्तता पाळली. पण खोलीचा नंबरच जर आजाराचं नाव झाला तर मॅडमच्या वजनकाट्याचा काय उपयोग? बाकड्यावरच्या एकीनं पदर सावरून माझ्याकडं बघितलं. तिला कळलं असेल नसेल. मी घरी येऊन दोन ब्लाउजच्या बाह्या उलट्या लावल्या. मॅडमना सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या 9 तारखेपासून माझं कार्ड त्या स्वतः नेऊन द्यायला लागल्या. त्या कंत्राटी, सिस्टर कायम. त्यांना यापेक्षा जास्त काय करता येणार होतं, ते मलाही कळतं.

आठव्या महिन्यात व्हायरल लोड केला. रक्तात विषाणू सापडतच नाही इतका कमी, असा रिपोर्ट. मॅडमनी तो दोनदा वाचून दाखवला. आता नॉर्मलच होऊ दे म्हणाल्या. सिझर फक्त दुसरं काही अडलं तरच. मार्च 2024, रविवार, पहाटे चार. सुट्टीच्या दिवशी पहाटे खोली 7 ला कुलूप, मला त्याचीच धास्ती होती. पण लेबर रूमच्या सिस्टरनी कळा चालू असतानाच सांगितलं, तुमच्या बाळाची बाटली कपाटात वरच्या फळीवर आहे, मॅडमनी गेल्या महिन्यातच दाखवून ठेवलीय. मुलगा. पावणेतीन किलो. तासाभरात त्याला बिनसुईच्या सिरिंजनं नेव्हिरॅपिनचं पातळ औषध पाजलं, दीड मिली. रोज एकदा, सहा आठवडे. पहिल्या दिवशी त्यानं निम्मं थुंकलं. मी घाबरून सिस्टरना हाक मारली, त्यांनी सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला कशी लावायची, थेंब थेंब कसं सोडायचं ते दाखवलं. बाळंतपणात त्या माझ्याशी फार चांगल्या वागल्या, हे लिहायलाच पाहिजे. वॉर्डातल्या मावशींनी मात्र माझी खाट कोपऱ्यात सरकवली आणि माझ्या चादरी वेगळ्या बादलीत टाकल्या. कारण विचारलं तर 'इथं वारा चांगला येतो.' असो. घरी सोडायला 102 ची गाडी होती, तिचे पैसे नाहीत.

खरी परीक्षा घरी होती, आणि ती मधाच्या बोटाची आणि गुटीची. आमच्याकडं बाळ घरी आलं की आत्याबाई सहाण घेऊन बसतात. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, एकेक वेढा उगाळून आईच्या दुधात. मला मॅडमनी बजावलं होतं, सहा महिने फक्त अंगावरचं. पाणी नाही, मध नाही, गुटी नाही, वरचं दूध तर नाहीच. नुसतं आईचं दूध आणि आई गोळी घेतेय, तर धोका अगदी थोडा. पण दूध आणि वरचं असं दोन्ही मिसळलं की बाळाच्या आतड्याला इजा होते आणि तिथूनच आजार शिरायची भीती. हे आत्यांना कसं सांगायचं? सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं.

मी मॅडमना फोन केला. दुसऱ्या दिवशी आशाताई आल्या. माझ्या घरी नाही, आधी शेजारच्या दोन बाळंतिणींच्या घरी, मग आमच्याकडं. तिन्ही घरी एकच भाषण. सरकारचा नियम आहे, कुठल्याच बाळाला सहा महिने पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आणि ते खरंच आहे, तो सगळ्या बाळांचाच नियम आहे. आत्या कुरकुरल्या. आमची पोरं काय मेली का गुटीनं. पण शेजारच्या म्हातारीचीही सहाण बंद झाली हे कळल्यावर गप्प बसल्या. मला तिथं एकटं पाडलं नाही, सगळ्या आळीला माझ्यासोबत बसवलं. या एका गोष्टीला मी दोन स्टार देते.

सहा आठवड्यांनी, पहिल्या मोठ्या लसीच्या दिवशीच, बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं. जाड कागदाचं कार्ड असतं, त्यावर पाच गोल छापलेले. टाच गरम पाण्याच्या फडक्यानं शेकून टोचतात आणि एकेक थेंब एकेका गोलात पडू देतात. थेंब गोल भरून पलीकडून दिसला पाहिजे. चौथ्या गोलाला त्यानं पाय झाडला. टेक्निशियन दादा घामाघूम. पाचवा भरला तेव्हा तेही हुश्श म्हणाले. कार्ड वाळवून लॅबला जातं. नेव्हिरॅपिन बंद, दुसरं पातळ औषध सुरू, कोट्रिमॉक्साझोल, जंतूंपासून जपायला.

रिपोर्ट त्रेचाळीस दिवसांनी आला. त्रेचाळीस! त्या काळात मी किती ब्लाउज बिघडवले त्याची नोंद वहीत आहे. वाटेत कुठं अडकलं कुणी सांगेना. मॅडम दर सोमवारी फोन लावायच्या, मी दर मंगळवारी त्यांना. यात खोली 7 चा दोष नाही हे मला कळतं, पण गिऱ्हाइकाला दुकान एकच दिसतं. रिपोर्ट निगेटिव्ह होता. मग सहाव्या महिन्यात परत, बाराव्यात परत. वर्षाचा झाल्यावर अंगावरचं हळूहळू, महिनाभर लावून तोडलं. शेवटची अठराव्या महिन्यात, सप्टेंबर 2025 ला, मोठ्यांसारखी तीन किटची तयारी ठेवून. पहिल्याच किटवर एक रेघ आली आणि काम संपलं. थोरलीचीही तपासणी मॅडमनी पहिल्याच महिन्यात करून घेतली होती, तीही एक रेघ. रिपोर्ट माझ्या हातात दिला, माझ्याच. दीर पारावर होते. मी बाहेर येऊन काही बोलले नाही, पोराला त्यांच्या कडेवर दिलं. त्यांनी त्याला टाकीवर बसवलं आणि गाडीला किक मारली. दोन वर्षांत त्यांनी मला एकदाही काही विचारलं नाही आणि एकही खेप चुकवली नाही.

मध्यंतरीची एक गोष्ट. पोरगं आठ महिन्यांचं असताना मी एकदा कपडे पोचवून घरी आले तर ते खुळखुळा हलवत बसलं होतं. पांढरी प्लॅस्टिकची बाटली, आत चवळीचे दाणे, झाकण दोऱ्यानं घट्ट बांधलेलं. आत्यांनी केलेला. माझीच रिकामी बाटली, मी चुलीमागं टाकून दिलेली, जाळायची राहिलेली. माझा श्वास अडकला. हातातून काढून घेऊन बघितलं. लेबल नव्हतं. सुरीनं स्वच्छ खरवडलेलं होतं, डिंकाचा डागसुद्धा नाही.

मी टाकली तेव्हा लेबल होतं. आत्या भाकरी थापत होत्या, म्हणाल्या, दे त्याचं त्याला, रडंल.

तर पाचापैकी चार. पाटी लहान करा, रिबीन पुसा, खिडकीसमोरून खोली हलवा आणि सिस्टरांना 'सातची' म्हणायचं बंद करायला लावा, की पाचवा लगेच देते.

जायचं असेल तर सोमवार टाळा, बाजाराचा दिवस असतो, सगळं गाव औषधाच्या खिडकीला. बुधवारी अकराच्या आत जा. तिसरा महिना लागला की जाच, वाट बघू नका, आणि मालकांनाही घेऊन जा. आधी नुसतं बोलायचं असेल तर 1097 वर फोन फुकट लागतो, नाव सांगावं लागत नाही. गोळ्या आणायला जाताना कापूस घरून नेलात तरी चालेल, पण मॅडमच्या कपाटात असतोच.